दुरुस्तीचे शनिवार

आमच्या घरात कुणी आपल्याकडे बघावं असं वाटत असेल, तर आधी कुणाला तरी जिन्यावरून ढकलावं लागतं. आई म्हणते, हे मी चिडून बोलते. हो, चिडूनच बोलते! चिडायचं नाही तर काय टाळ्या वाजवायच्या?

माझा भाऊ माझ्याहून वयानं लहान आणि मापानं मोठा आहे. शाळेत त्याला डंपर म्हणतात, कारण समोर माणूस आला तरी तो वळत नाही, माणसानंच वळायचं असतं. आता घरीही तेच नाव पडलंय, फक्त बाबा म्हणत नाहीत. मला मात्र टोपणनाव नाही. मला सगळे ‘गुणाची’ म्हणतात. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, पालकसभेत आईला सांगतात, ‘तुमच्या मुलीबद्दल काही बोलायलाच नको, गुणाची पोर आहे.’ आणि खरंच काही बोलत नाहीत. पुढचा सगळा वेळ डंपरवर जातो. गुणाच्या पोरीचं हे असं असतं, तिच्याकडे बघावं लागत नाही.

पण माझ्याकडे शनिवार होता. बाबांचं फ्रेमचं दुकान आहे. लोक फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं घेऊन येतात आणि बाबा त्यांना चौकटी करून देतात. शनिवारी शाळा लवकर सुटली की मी दप्तरासकट थेट दुकानात. डंपर मैदानावर, आई दवाखान्यात (ती नर्स आहे), आणि दुकानात बाबा नि मी दोघंच. मी काचा पुसायचे, आधी ओल्या फडक्यानं, मग वर्तमानपत्राच्या कागदानं. बाबा लाकडी पट्टीला तिरका काप घ्यायचे, दोन टोकं एकमेकांना भिडवून माझ्यासमोर धरायचे आणि विचारायचे, ‘बघ गं, फट दिसते का?’ मी एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, ‘केसभर.’ मग ते काहीही न बोलता पुन्हा घासायला घ्यायचे. माझ्या ‘केसभर’ला त्या दुकानात मान होता. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर बाबा माझ्याकडे बोट दाखवायचे. ‘मी काय करू? आमच्या साहेबांनी अजून पास केलं नाही.’

काच कापायचा हिरा तेवढा ते माझ्या हातात देत नसत. पेनासारखी दांडी आणि टोकाला हिऱ्याचा कण. एकच रेघ ओढायची, मध्ये थांबायचं नाही, मग खालून टिचकी मारली की काच रेघेवर दुभंगते. ‘अजून थोडी मोठी हो,’ बाबा म्हणायचे, ‘मग तुलाच शिकवणार. दुसरं आहे कोण मला?’ हे त्यांचे शब्द आहेत. मी माझ्या पदरचं काही घालत नाहीये.

मग डंपरनं टाचणीला ढकललं.

टाचणी त्याच्या वर्गातली. हे नावही त्यानंच ठेवलेलं. हडकुळी, वर्षाच्या मध्येच आलेली, मधल्या सुट्टीत भिंतीच्या कडेकडेनं चालणारी मुलगी. आधी तिचं दप्तर खिडकीबाहेर गेलं, मग तिच्या डब्यात खडूची पूड पडली, आणि मग जिना. हात मोडला नाही, पण मनगट मुरगळलं आणि हात गळ्यात आला.

दुसरी शाळा असती तर डंपरचं नाव काढून बाबांच्या हातावर दाखला टेकवला असता. मोठ्या बाईंचं तसं नाही. त्या म्हणतात, ‘इथून हाकललेला मुलगा दुसऱ्या शाळेत जाऊन दुसऱ्याला ढकलतो. मग आपण थांबवलं काय?’ म्हणून आमच्या शाळेत दुरुस्ती असते. ज्यानं मारलं त्यानं शनिवारी दुपारी आईला नाहीतर वडलांना घेऊन शाळेत यायचं आणि दोघांनी मिळून मोडकी वस्तू नीट करायची. बाकं, खिडक्या, पुस्तकं, जे असेल ते. हातानं काम करायचं आणि करता करता बोलायचं. आणि ज्याला मार बसला त्याला बाई समोर बसवून विचारतात, ‘तुला काय हवंय?’ तो सांगेल ते ठरतं. टाचणी म्हणाली, ‘त्यानं माझ्यापासून लांब राहावं.’ ठरलं. पुन्हा हात उगारला तर मात्र नाव कायमचं काढणार, हेही ठरलं.

आईला शनिवारी सुट्टी नाही. म्हणजे जाणार कोण? बाबा. म्हणजे दुकान बंद. म्हणजे माझा शनिवार गेला! ढकललं त्यानं, पडली ती, आणि शिक्षा मला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

‘मी पण येते शाळेत,’ मी म्हटलं.

‘अगं, तू कशाला?’ बाबा म्हणाले. ‘ते चुकलेल्यांसाठी आहे. तू तर गुणाची.’

पहिल्या शनिवारी डंपर तोंड पाडून घरी आला आणि मला फार बरं वाटलं. पण बाबांनी शाळेच्या फुटक्या खिडक्या पाहिल्या होत्या, आणि फुटकी काच पाहिली की बाबांना चैन पडत नाही. पुढच्या वेळी ते स्वतःची हत्यारं घेऊन गेले. त्यानंतर दोघं हसत हसत यायला लागले. जेवताना त्यांचंच पुराण. कुठल्या खिडकीचं लाकूड फुगलंय, कुठला खिळा वाकला, डंपरनं अंगठ्यावर हातोडी कशी मारून घेतली आणि बाबांना म्हणे हसू कसं आवरेना. मी पाण्याचा ग्लास जोरात आपटला तरी कुणी बघितलं नाही.

आणि एके दिवशी घास तोंडात असताना डंपर म्हणाला, ‘आज बाबांनी मला हिरा दिला. एका फटक्यात काच कापली मी!’

मी ताटावरून उठले. आई मागोमाग स्वयंपाकघरात आली. ‘काय झालं तुला?’

‘काही नाही. पोटात दुखतंय.’

‘कुठं?’ तिनं लगेच हात लावून बघितलं. नर्सच ती. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती हळू आवाजात म्हणाली, ‘हे बघ, दहा पेशंट असले की नर्सनं जास्त आजारी असेल त्याच्याजवळ थांबायचं असतं. तू धडधाकट आहेस म्हणून तर आम्हाला घोर नाही.’

‘मग मी आजारी पडू का?’

‘शहाणी आहेस ना तू,’ ती म्हणाली आणि डंपरला भात वाढायला गेली.

सगळ्यात संताप कशाचा यावा? तर त्या दुरुस्तीचा उपयोग होत होता! डंपर खरंच सुधारत होता. जिन्यात थांबून लहान मुलांना आधी जाऊ द्यायला लागला होता. वर्गशिक्षक कौतुक करायचे, शेजारच्या काकू कौतुक करायच्या. मी जन्मापासून कुणाला ढकललं नव्हतं, त्याबद्दल एका माणसानं कधी ‘वा’ म्हटलं नाही. यानं महिनाभर ढकललं नाही तर सगळ्यांचे डोळे भरून यायला लागले. जळून नुसता कोळसा झाला होता माझा.

टाचणी तोवर माझ्या गळ्यात पडली होती. मोठ्या बाईंनीच सांगितलं होतं, ‘मधल्या सुट्टीत हिला तुझ्याजवळ बसू दे, म्हणजे कुणी त्रास द्यायला धजणार नाही.’ वाचनालयाच्या खोलीत ती माझ्या बाजूला येऊन बसायची. फारशी बोलायची नाही. ‘ताई, हे बघ,’ म्हणून एखादं चित्र दाखवायची, आणि माझं पान उलटून होईपर्यंत स्वतःचं उलटायची नाही. मीही तिला अडलेली गणितं सांगायचे. ती मला आवडते का, हे काही मी स्वतःला विचारलं नव्हतं. ती होती, एवढंच.

मग मी नीट विचार केला. मारलं की मोठ्या बाई बोलावतात. बोलावलं की बाबा येतात. बाबा आले की दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे शनिवार. एवढं सोपं होतं आणि इतके दिवस माझ्या डोक्यात आलं नव्हतं! माझ्या वर्गातल्या मुलींना मारलं तर त्या दोन लगावतील, हे मला माहीत होतं. टाचणी हाताशी होती.

हात धुवायच्या नळांपाशी कुणी नव्हतं. मी तिची वेणी ओढली आणि दंडाला चिमटा घेतला, चांगला पिरगाळून. ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, माझा काहीतरी घोटाळा झालाय आणि आता मी तो सांगेन, अशी वाट बघितल्यासारखी.

‘जा, बाईंना सांग,’ मी म्हटलं.

‘काय सांगू?’

‘मी मारलं म्हणून सांग!’

तिनं बाही खाली ओढली आणि वर्गात गेली. मी दिवसभर बोलावण्याची वाट बघितली. शिपाई दारात आला की मी बाकावरून अर्धी उठायचे. कुणी बोलावलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी ही टाचणी पुन्हा माझ्या बाजूला हजर! जरा लांब सरकून बसली होती, पण बसली होती. तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. मला इतका राग आला तिचा. एक साधी गोष्ट सांगता येऊ नये माणसाला?

म्हणून मी पुन्हा केलं. त्याच नळांपाशी, या वेळी जोरात ढकललं. तिचं तोंड नळावर आपटलं आणि ओठ फुटला. एवढं मला नको होतं. तरी माझ्या तोंडातून काय निघालं असेल? ‘आता तरी सांगशील?’

तिनं चूळ भरली. मग ओंजळीनं पाणी घेऊन नळ धुतला, खालचं बेसिन धुतलं, लाल काही राहिलं नाही ना ते वाकून बघितलं. ‘झालं, ताई. काही दिसत नाही आता,’ ती म्हणाली. तिला वाटलं, मला त्याची काळजी आहे.

ओठ मात्र दिसला. वर्गशिक्षकांनी तिला हाताला धरून शिक्षकांच्या खोलीत नेलं. तिला सांभाळायची जबाबदारी माझी, म्हणून मलाही बोलावलं. खोलीत पाच-सहा मोठी माणसं, मध्ये ती एवढीशी. मोठ्या बाईंनी विचारलं, ‘कसं लागलं?’

‘पडले.’

‘पडले काय!’ वर्गशिक्षक म्हणाले. ‘त्यानंच मारलं ना? डंपरनं? घाबरू नकोस. त्यानंच ना?’

सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. हो.

खरं सांगते, मला सगळ्यात आधी राग आला. अरे, मारलं मी आणि नाव त्याचं? निदान गुन्हा तरी माझ्या वाट्याला येऊ द्या! मी तोंड उघडणार होते. मग लक्षात आलं, डंपरचं नाव काढणार. म्हणजे त्याची दुरुस्ती संपली. म्हणजे बाबा मोकळे. मी तोंड मिटलं.

बाबा दुकानातून तसेच आले, शर्टावर लाकडाचा भुसा. डंपर रडून रडून सांगत होता, ‘मी नाही मारलं. शपथ. मी तिच्या जवळपासही गेलो नाही.’ बाबांनी त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली. ‘कुत्र्याचं शेपूट,’ असं वर्गशिक्षक पुटपुटले, ते सगळ्यांना ऐकू आलं. सोमवारी दाखला न्यायला या, असं मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरासुद्धा उतरला होता.

घरी कुणी डंपरला ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाबा त्याच्याशी बोलेचनात. आणि शनिवारी सकाळी ते मला म्हणाले, ‘आज दुकानात ये.’

हवं होतं ते मिळालं की नाही? मिळालं! मी धावत गेले. काचा पुसल्या. पुठ्ठे कापले. बाबांनी पट्ट्यांची टोकं भिडवली आणि मला न विचारताच डिंक लावला. मला फट लांबून दिसत होती, चांगली बोटभर. मी म्हटलं, ‘बाबा, फट आहे.’

‘असू दे.’

असू दे? माझे बाबा? थोड्या वेळानं ते म्हणाले, ‘मला खरंच वाटलं होतं गं, पोरगं मार्गाला लागलं. खिडकीत काच बसवताना कसा जीव लावून बसवायचा. मला म्हणाला होता, बाबा, आता कुणी ढकललं तरी मी ढकलणार नाही.’ आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. नंतर पुन्हा तेच. तो असं म्हणाला, तो तसं म्हणाला. शनिवार माझा, दुकान माझं, समोर बसलेली मी, आणि बोलणं सगळं डंपरचं!

माझा बांध फुटला. ‘मी मारलं!’ मी ओरडले. ‘ऐकताय का? त्यानं नाही, मी मारलं! चिमटा मी काढला, ओठ मी फोडला! मी!’

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, जवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘भावासाठी किती करशील, बाळा,’ ते म्हणाले. ‘पण असं खोटं बोलून तो सुधारणार नाही.’

काय करावं माणसानं? रात्री आईला सांगितलं. आईनं मला कुशीत घेतलं आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, ‘अशी बहीण मिळायला भाग्य लागतं.’ गुणाची होऊन बसलं की असं होतं, माणूस वाईट वागला तरी कुणी दाद देत नाही.

विश्वास ठेवला तो एकट्या डंपरनं. तो पांघरूण ओढून पडला होता. मी सांगितल्यावर उठून बसला. ‘त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत बघितलं मी, तिच्या दंडावर निळं होतं,’ तो म्हणाला. ‘मी तेव्हाच म्हटलं, हा चिमटा आहे. मी चिमटे काढत नाही, मी ढकलतो. पण कुणी ऐकलं तर ना.’

मला वाटलं, आता हा मला बुकलून काढणार. मी वाटच बघत होते. त्यानं नुसतं विचारलं, ‘तिलाच का गं?’

‘तू तरी तिलाच का?’

त्यानं पांघरुणाची कड बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, ‘ती सांगत नाही ना.’

सोमवारी बाबा दाखला न्यायला यायच्या आधी मी टाचणीला गाठलं. ती वाचनालयाच्या खोलीत होती, नेहमीच्या बाकावर, ओठावर खपली. मला बघून तिनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. ते बघून मी टेबलाच्या अलीकडेच थांबले.

‘खरं सांगून टाक,’ मी म्हटलं. ‘माझं नाव सांग. नाहीतर त्याला शाळेतून काढतील.’

‘नको.’

‘मी पुन्हा मारणार नाही. शप्पथ.’

‘त्यासाठी नाही.’

‘मग कशासाठी?’

ती इतकं हळू बोलली की मला वाकावं लागलं. ‘सांगितलं तर तू माझ्याजवळ बसणार नाहीस.’

मी तिचा ओठ फोडला होता! आणि तिला भीती कशाची, तर मी जवळ बसणार नाही याची. मला रडू कोसळलं. पण रडून काय होणार होतं, बाबा तर येऊन पोहोचत होते. मी तिला म्हटलं, ‘सांगितलंस तरी बसेन.’ तिनं नाही म्हणून मान हलवली. विश्वास बसला नव्हता, आणि का बसावा?

मी तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत घुसले. ‘बाई, टाचणीला पुन्हा विचारा. मी मारलंय. मला कुणी खरं मानत नाही.’

‘अगं, तुझं मन मला कळतं,’ बाईंनी सुरुवात केली. तेच ते मऊ बोलणं.

‘नाही कळत!’ माझा आवाज चढला. मोठ्या बाईंसमोर माझा आवाज आयुष्यात चढला नव्हता. ‘सहा जणांच्या मध्ये उभं करून ‘डंपरनंच ना’ असं विचारलंत तुम्ही. ती नाही म्हणेल का? तिला भुताचं नाव विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती! एकटीला विचारा. आणि कुणाचंही नाव घेऊ नका.’

बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. क्षणभर वाटलं, मलाच दाखला देतात. पण त्या खुर्चीवरून उठल्या, शिक्षकांच्या खोलीत न जाता सरळ वाचनालयात गेल्या आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभी. बाबा आणि डंपर आले, तेही उभे राहिले. आतून काही ऐकू येत नव्हतं. फार वेळ गेला, तास झाल्याची घंटा झाली, पुन्हा शांत झालं. मग दार उघडलं आणि बाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्या बाबांना म्हणाल्या, ‘तुमच्या मुलाची मी माफी मागते. सगळ्यांसमोर पण मागेन.’ मग माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे त्यांनी तसं कधीच बघितलं नव्हतं.

डंपर बाहेर गेला. बाबा माझ्या शेजारी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले, गुडघे वर आलेले. एवढे जवळ ते कितीतरी दिवसांनी बसले होते. समोर टाचणी. बाई तिला म्हणाल्या, ‘तुला जे वाटलं ते तू सांग. ती मध्ये बोलणार नाही.’

टाचणी टेबलाकडे बघून बोलली. ‘तो मारायचा तेव्हा मला माहीत असायचं की तो मारणार. मी वाट बदलायचे. हिच्याकडे मी आपण होऊन जायचे.’ थोडं थांबून म्हणाली, ‘हिचं जास्त लागलं.’

बाबांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, तो त्यांनी काढून घेतला. ‘का?’ त्यांनी मला विचारलं. ‘का गं केलंस असं?’

‘मला शनिवार हवा होता,’ मी म्हटलं. ‘तुम्ही हवे होतात. त्यानं ढकललं तर तुम्ही दुकान बंद केलंत. हिरा पण त्यालाच दिलात. मी कधीच काही केलं नाही, तर मला काहीच नाही.’

बाबांचे डोळे माझ्यावर होते, नुसत्या माझ्यावर, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याही वेळी मला ते बरं वाटलं.

‘ठीक आहे,’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘नियम सगळ्यांना सारखा. या शनिवारपासून तू दुरुस्तीला यायचं. वडलांना घेऊन.’

आता खरं बोलायचं ठरलंच आहे तर हेही सांगते. माझ्या मनानं उडी मारली. एवढं सगळं होऊनही मारली. मी बाबांच्या हाताकडे बघितलं आणि कुठली खिडकी राहिलीय ते आठवायला लागले.

मग बाईंनी नियमाप्रमाणे टाचणीला विचारलं, ‘आणि तुला काय हवंय?’

ती पहिल्यांदा मान वर करून बोलली. ‘हिचे बाबा नकोत.’

‘म्हणजे?’

‘हिनं एकटीनं यावं. मी पण येईन. आम्ही दोघी करू काय असेल ते.’

‘बाबा का नकोत, बाळ?’

‘ते आले की ही त्यांच्याकडेच बघत बसेल,’ टाचणी म्हणाली. ‘माझ्याकडे कुणीच बघत नाही.’

माझ्या ओठावर आलं होतं, असं कसं, बाई, नियम आहे, वडील हवेतच. ते मी गिळलं. तिनं सांगितलं ते ठरलं. बाबा उठले, क्षणभर माझ्याजवळ थांबले, मग बाहेर उभ्या असलेल्या डंपरकडे गेले. दारातून मला दोघांची पाठ दिसत होती, बाबांचा हात त्याच्या खांद्यावर. मला जळायचं होतं तेवढं मी जळले. मग खुर्ची वळवून टाचणीच्या समोर केली आणि विचारलं, ‘तुझं खरं नाव काय गं?’